नुसतं 'दुखतं' म्हणायचं नाही

"तू 'हात दुखतो' असं कशाला सांगितलंस?" दीनाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मग काय सांगू?" मार्कने हेल्मेट टेबलावर आपटलं. सुप्याच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून तो आईला दवाखान्यात घेऊन गेला होता.

"दुखत नाहीच मुळी. मनगटापासून चुणचुणतं आणि पहाटे तीन बोटं बधिर होतात. मी तोंड उघडलं की तू मधेच, 'हात दुखतो, डॉक्टर.'"

"बाहेर चाळीस पेशंट होते, आई!"

"म्हणूनच नेमका शब्द सांगायचा."

दीनाबाई नगरच्या एका इस्पितळात एकतीस वर्षं आया होत्या. कर्जतकडच्या, कोपरगावकडच्या बायका यायच्या. डॉक्टर कधी केरळचे, कधी गुजरातचे. पेशंट काय म्हणते ते त्यांना दीनाबाईंनी समजावायचं. सणक, उसण, वांब, ठसठस, हुळहुळ हे सगळं त्या खाटांपाशी उभं राहून त्या शिकल्या. एकदा एकीच्या मांडीला वरून काहीच दिसेना. मुका मार म्हणून डॉक्टर शेकायला सांगत होते. "साहेब, ती ठणकतंय म्हणते. आत पू धरला असेल," दीनाबाई म्हणाल्या. संध्याकाळी वाटीभर पू निघाला.

घरात मात्र याच शब्दांनी वात आणला होता. सुनेने, स्टेलाने, डोकेदुखीची गोळी मागितली तर आधी चौकशी व्हायची: सणक मारते, की नुसतं जड झालंय? मार्कला तर लहानपणी पोट दुखतंय म्हणून एकदाही शाळा बुडवता आली नव्हती. मुरडा की कळ, हे ठरवेपर्यंत दप्तर पाठीवर चढलेलं असायचं.

आणि आता रीत अशी, की जो गाडीवर बसवून नेतो तोच पेशंटच्या वतीने बोलतो.

स्टेलाने चिठ्ठी उलगडली. "आई, परत तीच गोळी लिहिलीय. तिसऱ्यांदा."

"लिहिणारच. दुखण्याची गोळी दुखण्यालाच देतात. तिने पोटात आग पडते तेवढी. काल वरणाचं पातेलं हातातून सुटलं ते पाहिलंस ना?"

"अगं, पोराने रजा काढली तुझ्यासाठी," दीनाबाईंचे यजमान यशया पेपरामागून म्हणाले.

"अहो, त्याची अर्धी रजा गेली, माझी बोटं चाललीत."

"एका शब्दासाठी एवढं?" मार्क ओरडला. "ठीक आहे! पुढच्या वेळी मी चुणचुण म्हणेन, झालं?"

"मनगट म्हणशील? पहाटे म्हणशील? कोणती तीन बोटं, सांग."

मार्कने आईच्या हाताकडे पाहिलं.

दीनाबाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

"सोमवारी मी परत जाणार. रिक्षाने, एकटी. मार्क कामावर जाईल आणि डबा स्टेला करेल. डॉक्टरांशी मी बोलणार."