धवलारीण आत्याचा आवाज

आत्या गायला लागली की आमच्या करावे गावात डीजेवालाही गप्प बसायचा. धवला म्हणजे आमच्या आगरी लग्नातली विधींची गाणी, आणि ती गाणारी आत्या गावाची धवलारीण. मध्येच कोणी बोललं तर ती थांबून विचारायची, "तुमचा झाला कं? मंग माजा चालू करते." नवरदेवाचा बापसुद्धा तोंडाला कुलूप लावायचा.

तिला बायपोलर होता, हे गावापासून कधी लपलं नाही. तेजीत आली की मांडव उठला तरी ती गातच असायची, अंगावरचं सोनं कुणालाही काढून द्यायची. मग महिनोन्महिने भिंतीकडे तोंड. लिथियम सुरू झालं आणि घर शांत झालं. जेवणानंतर गोळी हातावर घेऊन ती म्हणायची, "ये बाय, मना जाग्यावर ठेव."

बरीच वर्षं बरी गेली. मग आवाज बसू लागला. चेहरा सुजला, भर मे महिन्यात अंगावर शाल, बोलता बोलता डुलकी. मांडवातल्या बायकांनी दृष्ट काढली. घरच्यांना वाटलं, उदासीच परत आली. आत्याचा राग मात्र गोळीवर. "हिनं माजा गला खाल्ला. आता बंद."

तिची सून, म्हणजे माझी वहिनी, घाबरून तिला वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही सोबत होते. रक्ताचा रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या, "लिथियमनं काहींचं थायरॉईड मंदावतं, तुमचं तसंच झालंय. त्यावर वेगळी गोळी देते, सकाळी उपाशीपोटी. पण लिथियम आपल्या मनानं सोडायचं नाही."

"आवाज येल कं परत?"

"बराचसा येईल. अगदी पहिल्यासारखा येईल, असं नाही सांगत."

आत्या तिथंच रडली. घरी जेवण झाल्यावर वहिनीनं लिथियमची गोळी पुढे केली, तेव्हा आत्यानं ती हातावर घेतली. मग म्हणाली, "गायला दुसरी कोनतरी मिलेल. मी हरवले तं मना कोन सोधून आनील?" आणि गोळी गिळली.

हळूहळू सूज उतरली, शाल गेली. आवाजही आला, पण वरचा सूर काही लागेना. पुढच्या हळदीला तिनं खालून सुरुवात केली. सोबतच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापला आवाज खाली आणला.

आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. म्हातारपणानं, शांतपणे गेली. परवा एका हळदीत बाहेरगावच्या पाहुणीनं विचारलं, "तुमी धवला एवरा खाली कशाला गातान?"

गाणाऱ्या पोरींना कारण ठाऊकच नव्हतं. "आमचे गावान असाच गातान," त्या म्हणाल्या.