सकाळच्या पाळीतले गैरहजर

बी.एस्सी.ला मी संख्याशास्त्र घेतलं, तेव्हा जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर ते काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला, "नर्सिंगला जा. आकड्यांचं काय लोणचं घालायचंय?" वडील मेंढरं राखायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला जमतंय न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." मग त्यांनी मामाला पुढं बोलू दिलं नाही.

सांगलीच्या कॉलेजात मला इंग्रजी बोलता येत नाही, एवढीच माझी ओळख होती. एक्सेल मी शिकले ते झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, दुपारी गिऱ्हाईक नसताना. डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल ही भाषा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. त्यातलं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. पण ओळ चुकली की कॉम्प्युटर चूक दाखवायचा, बरोबर आली की उत्तर द्यायचा. तू कुठली, कुणाची, हे त्यानं कधी विचारलं नाही.

पुढं सांगलीतल्याच एका खासगी हॉस्पिटलात डेटा एन्ट्रीला लागले. वरच्यांचे रिपोर्ट हळूहळू मीच करू लागले, आणि गळ्यातल्या कार्डावर डेटा अ‍ॅनालिस्ट असं छापून आलं.

एक दिवस मॅनेजरनं बोलावलं. "डायलिसिसला वारंवार दांडी मारणाऱ्यांची यादी काढ. त्यांच्या जागा दुसऱ्यांना देऊ. जिल्ह्याच्या पूर्वेकडची माणसं ही. बेफिकीर."

मी जतची, म्हणजे पूर्वेकडचीच. तरी यादी काढली. बहुतेक नावं खरोखरच जत, कवठेमहांकाळकडची निघाली. मान खाली गेली. पण डायलिसिस चुकलं तर जिवावर बेततं, हे त्या माणसांना कळत नसेल? मला पटेना. तीच यादी मी पाळीप्रमाणे लावून पाहिली. जवळजवळ सगळ्या दांड्या सकाळी सातच्या पाळीतल्या होत्या. मशीन बिघडलं म्हणून ज्यांना कधी दुपारी बोलावलं होतं, ती सगळी आली होती.

यादीतल्या एका आजींना मी फोन केला.

"अगं पोरी, सातला कशी पोचू?" त्या म्हणाल्या. "आमची पैली यष्टीच साडेसातला सुटती. कुणाची गाडी गावली तर येती. न्हाई गावली तर घरीच पडून ऱ्हाती."

"इथं सांगितलं नाही का कुणाला?"

"दोनदा सांगितलं. वेळ बदलत न्हाई म्हणाले."

मॅनेजर आणि डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये यादीच्या आधी मी पाळीचा तक्ता दाखवला. मॅनेजर म्हणाला, "तू फक्त आकडे द्यायचे. अर्थ आम्ही लावू. ते पान काढून टाक."

मी म्हणाले, "सर, पान काढणार नाही. बेफिकीर हा शब्द या आकड्यांत कुठंच नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा आणि रिपोर्टखाली तुमची सही करा."

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता स्वतःकडे ओढला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "या सगळ्यांना दुपारची पाळी द्या. याच आठवड्यापासून."

त्यानंतर दांड्या जवळपास थांबल्या. माझं काँट्रॅक्ट मात्र पुढं वाढवलं नाही. कारण विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "टीममध्ये जुळवून घेता येत नाही तुला."

पुढच्या प्रत्येक मुलाखतीत पहिली नोकरी का सुटली हे विचारलं गेलं, आणि प्रत्येक वेळी मी हे असंच्या असं सांगितलं. कॉलेजातली मैत्रीण चिडायची, "घरची अडचण होती म्हणून सांग की! काय बिघडतंय?" मी ऐकलं नाही. दोन ठिकाणांहून परत फोन आला नाही. साताऱ्यातल्या तिसऱ्या ठिकाणी समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढं सरकवली. "तो तक्ता काढून दाखव बघू." मी रकाने आखले आणि मराठीतच समजावायला लागले. त्यांनी इंग्रजीत बोल म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी आधी मराठीतच पुरं केलं असतं.