हौ म्हणणारी विद्यार्थिनी

लग्नानंतर काही वर्षांनी बायकोने मॅट्रिकला खाजगी बसायचं ठरवलं. पास झाली तर प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येणार होतं. इंग्रजीची तिला धास्ती होती, म्हणून ते शिकवायचं मी अंगावर घेतलं. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या आमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचं. आई शेजारी सुपात तांदूळ निवडत बसायची.

धातुसाधितांपाशी बायको अडली, हे मला कळलंच नाही. 'सिटिंग' दिसतं क्रियापदासारखं, पण 'झाडाखाली बसलेला मुलगा' म्हणताना ते मुलाचं वर्णन करतं, असं मी पुस्तकातल्या हिंदीत सांगायचो. "समजलं?" "हौ." की पुढचं पान. महिनाभराने मी काही वाक्यं लिहायला दिली. तिने कोरा कागद परत दिला.

मी ओरडलो, "मंग रोज हौ हौ काहून करत होती?"

उत्तर आईने दिलं. "सासूसमोर नवऱ्याले नाही म्हणते का कोणी? तूच येडा!"

दुसऱ्या दिवशी धडा सुरू झाला आणि आई मध्येच म्हणाली, "मले नाही समजलं. पुन्हा सांग."

"आई, तुले काय करायचं इंग्रजीचं?"

"मास्तर होय ना तू? सांग मंग."

आईला अक्षरओळखही नव्हती. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मराठीत, तिच्या सुपाकडे बोट दाखवून. निवडलेले तांदूळ. तांदूळ निवडत बसलेली बाई. सुनेच्या चेहऱ्याकडे बघून आई दर दोन वाक्यांनी "नाही समजलं" म्हणायची. असे बरेच दिवस गेले. मग एकदा आई गप्प होती, तेव्हा बायकोच म्हणाली, "नाही समजलं मले." आई खुदकन हसली. मला हसता आलं नाही.

लग्न ठरताना मी तिला एकच विचारलं होतं, शाळा सोडावी लागेल, चालेल ना? रामपायलीला, तिच्या माहेरच्या खोलीत, दोन्हीकडची मोठी माणसं बसली होती. ती "हौ" म्हणाली. तिने आपल्या मर्जीने शाळा सोडली, असं मी लोकांना सांगत आलो, आणि मला ते खरंच वाटत होतं.

त्या संध्याकाळी आई चुलीकडे गेल्यावर मी हळूच विचारलं, "तवा शाळा सोडाची होती का तुले?"

"नाही," ती म्हणाली. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे वाक्य पुन्हा सांगा. परीक्षा जवळ येऊन राह्यली."