दर्याचा ताप

सकाळी समुद्र शांत होता, तरी बंदरातली एकही होडी सुटली नव्हती. वादळाचा इशारा आला होता. मला सुमतीबाई आठवल्या. समुद्र तापतोय आणि त्यामुळे वादळं बळावतायत, हे आमच्या किनाऱ्यावर सर्वांत आधी सांगणाऱ्या शास्त्रज्ञ त्याच. मी त्यांची मदतनीस होते. त्या पाण्याचं तापमान घेऊ लागल्या की धर्मा तांडेल हसायचा, "बाई, दर्याला ताप आलाय काय?"

"आलाय खरा," त्या शांतपणे म्हणायच्या.

हयातभर त्या मोजत राहिल्या. आजचे इशारे त्यांच्याच नोंदींवर उभे आहेत.

दुपारी वादळ आलं, कौलं उडवून गेलं. संध्याकाळी म्हातारा धर्मा तिन्ही मुलांना घेऊन जेवायला बसला होता. मला पाहताच म्हणाला, "आज बाई हव्या होत्या. सगळं गाव घरात आहे!"