ओठ बघणाऱ्या राधाबाई

राधाबाईंवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई तोंडावर पदर गुंडाळून का बसते? मिश्री लावत असेल, नाहीतर एखादा आजार लपवत असेल. राजेश, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "ताई, तुला सगळ्यांवरच संशय येतो." ते खरंच आहे. तेवीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्यावर माणसाची नजर अशीच होते.

राजेशला लालबागच्या घरी लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता. मी त्याची एकुलती एक आत्या. शाळा सुटली की मी रोज प्रभादेवीहून तिथे जायची, बाळाला बघायला आणि खरं सांगायचं तर राधाबाईंवर लक्ष ठेवायलाही.

बाई मूळच्या मालवणकडच्या, वय सत्तरीला टेकलेलं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा सासूच्या हाताखाली बाळं न्हाणायला शिकल्या. पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घालायच्या आणि तेलाचा हात असा फिरवायच्या की रडणारं पोर गप्प व्हायचं. अर्धं लालबाग माझ्या पायांवर न्हालंय, असं त्या सांगायच्या. पण त्यांची एक खोड होती. दारात कोणीही आलं की त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायच्या, म्हणजे अगदी ओठांकडे. मला तर ते फारच खटकायचं. शिवाय शेजारच्या रुपालीने मला सांगून ठेवलं होतं, "ही मध्येच आठ-आठ दिवस गायब होते हं. कारण विचारलं तर सांगत नाही." दुसरीकडे जास्त पैसे मिळत असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

बारशाच्या तीन दिवस आधी माझ्या खालच्या ओठाला झिणझिण्या आल्या. शाळेच्या क्रीडादिनाला दिवसभर उन्हात उभी होते, त्याचा प्रसाद. दुसऱ्या दिवशी तिथे बारीक फोडांचा घोस उठला. आमच्याकडे याला 'जनावर फिरलं' म्हणतात आणि तूप लावून मोकळे होतात. मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मलम दिलं आणि म्हणाला, "झिणझिण सुरू झाली तेव्हाच लावायचं होतं, आता उशीर झाला. फोडांना हात लावू नका, टॉवेल वेगळा ठेवा. आणि खपली पडून ओठ साफ होईपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका." हा फारच शहाणा, असं मला वाटलं. ओठावरच्या फोडाने कोणाचं काय बिघडलंय? शाळेच्या कामांमुळे बारशापर्यंत लालबागला जाणं मात्र झालं नाही.

बारशाच्या दिवशी फोडावर खपली धरली होती. मी त्यावर गडद लाल लिपस्टिक लावली. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचा आणि नाव सांगायचा मान आत्याचा असतो. नऊ वर्षं त्याची वाट बघितली होती. एका पुळीसाठी तो मान सोडायला मी काही वेडी नव्हते.

दारातच राधाबाई उभ्या. नजर नेहमीसारखी ओठांवर.

"आज लिपस्टिक?"

"बारसं आहे ना."

"तू कधी लावत नाय." त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ मोरीकडे नेलं. मी संतापले. भावाच्या घरात एक परकी बाई मला ओढत नेते म्हणजे काय! "पूस ती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आधी तुमचा पदर काढा," मी म्हटलं. "रोज काय झाकून ठेवता ते मलाही बघू दे."

त्यांनी पदर खाली केला. मिश्री नव्हती, फोडही नव्हता. साधं, सुरकुतलेलं, म्हातारं तोंड होतं.

"माका पण येता ह्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ताप इलो की येता, जागरण झाला की येता. आला की मी घरीच बसतंय. आणि नसला तरी पदर बांधतंय, भरवसो नाय." मग म्हणाल्या, "चाळीस वर्षां झाली, परळाक एक पोर होता. धा दिवसांचा. मी न्हाऊक घालून मुको घेतलंय. चार दिवसांत ताप इलो, दूध सोडल्यान, गेला. डॉक्टरान इचारल्यान, ओठाक फोड असलेला कोण जवळ इला होता? घरात सात बायकामाणसा होती. कोणीच बोलला नाय. मी पण नाय."

"म्हणजे तुमच्यामुळेच..."

"मी, की दुसरी कोण, ता माका अजून कळूक नाय."

चाळीस वर्षं ही बाई प्रत्येकाच्या ओठाकडे बघत होती. आणि सगळ्यात आधी, रोज सकाळी आरशात, स्वतःच्या. मला माझीच प्रचंड लाज वाटली. मी लिपस्टिक पुसली. तिच्याबरोबर खपली निघाली आणि नॅपकिनवर रक्ताचा ठिपका उमटला. हेच मी बाळाच्या कानाशी नेणार होते.

साबणाने हात धुतले, तो नॅपकिन पिशवीत गाठ मारून ठेवला आणि बाहेर येऊन राजेशला आणि अनुजाला, त्याच्या बायकोला, सगळं सांगितलं. अनुजाचा चेहरा पांढरा पडला. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

मी उंबरठ्याबाहेर उभी राहिले आणि तिथूनच, मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "कुर्रर्र! ध्रुव!" बायका हसल्या. आत्या बाहेर आणि पाळणा आत, असं बारसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

राधाबाई हसल्या नाहीत. बाळाला घ्यायला बायका पुढे सरकत होत्या आणि त्या पाळण्याशी उभ्या राहून एकेकीच्या ओठांकडे बघत होत्या. रांगेचं मागचं टोक त्यांना दिसत नव्हतं. मला दारातून दिसत होतं. मी तिकडून बघायला सुरुवात केली.