नामाची तापलेली गाडी

नामा म्हात्रेने तीस वर्षं बंदरावरचे कंटेनर ट्रेलरने ओढले. त्यातून कमावलं काय, तर नागावात स्लॅबचं घर, एक दुखरी कंबर आणि जगात इंजिन फक्त आपल्यालाच कळतं ही समजूत. घराला रंग लावता येतो, कंबरेला बाम लावता येतो, समजुतीवर औषध नाही, असं त्याची बायको ठमी येईल त्या पाहुण्याला सांगायची. तेही नामाच्या देखत.

ट्रेलर सुटल्यावर त्याने एक जुनी, दणकट मोटारसायकल घेतली आणि आठवड्याच्या आत तिचा कंपनीचा सायलेन्सर काढून पोकळ नळकांडं बसवलं. निमित्त भाची प्राप्तीच्या हळदीचं. त्याच्या बहिणीच्या, मनुबाईच्या घरात रीत अशी की हळदीच्या दिवशी नवरीला गावदेवीच्या देवळातून मांडवापर्यंत मामाने आणायचं. पूर्वी बैलगाडीतून आणत. नामाने छाती ठोकून सांगितलं होतं, प्राप्ती माझ्या गाडीवरून येईल आणि मामा निघाला हे मांडवातल्यांना देवळापासून ऐकू जाईल. नामाला मूलबाळ नव्हतं. मिरवायची अशी एकच संधी त्याच्या वाट्याला यायची होती. तिथे हसं झालं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आवाज झकास निघाला. शेजारच्या होमस्टेवाल्या रचनाने दोनदा हात जोडले, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या. पण गाडी तापू लागली. इंजिनाजवळचा पाइप निळा पडला, मांडीला धग लागायची, रेस सोडली की मागून फटाके. चौलच्या नाक्यावरचा मेकॅनिक हर्षद खाली वाकला आणि त्याने जीभ चावली.

"नामाकाका, सायलेन्सर मोकळा केलास, आता हवा वाढली न् पेट्रोल तेवढंच. इंजिन उपाशी हाय, म्हणून तापतंय. कार्बोरेटरचा जेट मोठा टाकाय लागंल."

"म्हंजे पेट्रोल जास्त पिणार?"

"पिणार ना. जेवल्याबिगर कोण राबतं?"

"मना नको शिकवू. तुझ्या बापाला क्लच दाबाय मी शिकवलाय."

अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून आपण स्वतःच स्क्रू पिळून पेट्रोल आणखी कमी केलंय, हे मात्र त्याने हर्षदला सांगितलं नाही. उपाशी पोराचं ताट काढून घ्यायचं आणि वर त्याला ताप का आला म्हणून विचारायचं, अशातली गत. नामाकडे ट्रेलरची विद्या होती. डिझेलचा पंप तापला की ओला फडका गुंडाळायचा, पुढे निघायचं. तीस वर्षं तो असाच घाट चढला होता.

हळदीच्या दुपारी त्याने भिजवलेलं गोणपाट घेतलं आणि सुतळीने इंजिनाला करकचून बांधलं. जे इंजिन वाऱ्याने गार व्हायचं, त्याला नामाने भर उन्हात गोधडी पांघरली. ठमी म्हणाली, "अवो, त्याचा जीव गुदमरंल." नामाने फेटा चढवला.

देवळापासून मांडव अर्धा मैल. पुढे ढोल बडवणारी बेंजो पार्टी, तिच्यापुढे नाचणारे, आणि नाचणारे जागचे हलतील तर शपथ. वीस मिनिटांत गाडी शंभर पावलं गेली. नामा पहिल्या गिअरमध्ये रेस देतोय, मागे पिवळ्या साडीत प्राप्ती एका अंगाने बसलेली. गोणपाट आधी वाळलं, मग करपलं, मग त्यातून धूर निघाला.

"मामा, तुझी गाडी जळते का आचाऱ्याचा भात?"

"गप बस. वाफ हाय ती."

"वाफ काळी असतं काय? बंद कर आधी."

इंजिनातून खडखड येऊ लागली होती. नामाला सगळं कळत होतं, कळून घ्यायचं नव्हतं. "बंद केली तर आवाजाचं काय?"

"आवाजापायी मना भाजतोस?"

तिचा चुड्याचा हात त्याच्या खांद्यात रुतला. त्याने चावी फिरवली, सुतळी तोडली, धुमसतं गोणपाट काठीने ओढून गटारात ढकललं. एवढं वाईट त्याला शेवटचा ट्रेलर परत करतानाही वाटलं नव्हतं.

"उतरू काय?" प्राप्तीने विचारलं.

"उतर बघू! तंगडीच मोडतो."

तो पुन्हा गाडीवर बसला, दोन्ही पाय जमिनीला लावले आणि बसल्या बसल्या गाडी रेटू लागला. कंबरेतून कळा येत होत्या. फेटा डोळ्यांवर उतरला, घामाने शर्ट अंगाला चिकटला. बेंजो दोन पावलं पुढे गेली की हाही दोन पावलं रेटायचा. आत्ता कुणीतरी ओरडेल, आत्ता कुणीतरी फिदीफिदी हसेल, म्हणून मान वर करायची त्याची छाती होईना. उरलेली सगळी वाट त्याने अशीच कापली.

मांडवाच्या दारात मनुबाईचा नवरा बाबाजी उभा होता. हा माणूस स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही बरं म्हणाला नव्हता. तो दोन्ही हात पसरून पुढे आला.

"मानला, नामाशेठ! देवळापासून ऐकतोय. न् शेवटाला तर असा आवाज काढलास, छातीत धडधडलं माझ्या!"

महिनाभर ज्या आवाजासाठी नामाने इंजिन भाजलं, भाचीला भाजता भाजता राहिला, तो बेंजोपुढे कुणाच्या कानात शिरलाच नव्हता. पाठीमागे प्राप्ती तोंडावर पदर धरून गदगदा हसत होती.

"आवडला ना?" नामा म्हणाला, आणि डोळ्यांवरचा फेटा वर सारून त्याने नवरीला हात दिला.