आग्नेय कोपऱ्यातला पुरावा

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, कितीतरी गुन्हे डोक्यातून गेले, पण एका साध्या घराचा तो आग्नेय कोपरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

इंदूरची एकेक मिल बंद पडत होती, ते दिवस. माझी नेमणूक मानपूरच्या बाजूला, आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या एका ठाण्यावर होती. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी घेऊन बाहेर आलो, तर आवारात सामानाने भरलेला टेम्पो उभा. शेजारी ट्रंकेवर एक मराठी बाई ताठ बसलेली आणि तिचा नवरा ठाण्याच्या कारकुनासमोर, आमच्या मुन्शीसमोर, हात जोडून उभा.

नवरा मिलमध्ये मागावर होता. मिल बंद झाली, क्वार्टर सोडायची वेळ आली. हातात आलेल्या पैशांत इंदुरात खोलीसुद्धा मिळेना, म्हणून जवळच्या खेड्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. विकणारा मिलच्या गेटबाहेर सायकलचं दुकान चालवायचा, रोजच्या ओळखीचा. स्टँपपेपरवर सह्या झाल्या. "फक्त माँची तबियत ठीक नाही, दिवाळीपर्यंत तिला राहू द्या," एवढीच त्याने गळ घातली. आज सामान घेऊन गेले, तर तो म्हणाला, "कौन सा घर, भिया? मैंने कब बेचा?"

मुन्शीने नेहमीचं उत्तर दिलं. मामला दिवाणी आहे, कोर्टात जा. कायद्याने तो चुकत नव्हता. एका कागदावरून फसवणुकीचा गुन्हा उभा राहत नाही, सुरुवातीपासून बेइमानी होती हे दाखवावं लागतं.

"साहेब, घर आपलंच आहे न," बाई ट्रंकेवरूनच म्हणाली. "आम्ही वास्तुशांत करून घेतली तिथे. आता क्वार्टर बी गेलं. बोला, हे सामान कुठे उतरवू?"

मी त्यांना ठाण्याच्या पडवीत सामान उतरवायला सांगितलं. मुन्शीने तोंड वाकडं केलं, मी लक्ष दिलं नाही.

पोलिसाने चहावाल्याच्या वाकड्यात कधी शिरू नये. ठाण्यात चहा आणणारा त्याच खेड्यातला होता. कप ठेवता ठेवता टेम्पोकडे बघून तो हसला. "साब, ये भी पूजा वाले हैं क्या? उस घर में तो जब देखो तब पूजा. हम तो शिरा खा-खाके थक गए."

मी कप खाली ठेवला.

विकणाऱ्याला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात पान, आवाजात साखर. मी कधी दरडावून, कधी गोडीने विचारलं. गडी बधेना. "साहबजी, पूजा माँ की तबियत के लिए करवाता हूँ. ये लोग पहचान के हैं, दर्शन को आए थे. कागज पे दस्तखत मेरे नहीं." पुन्हा पुन्हा तेच, शब्दसुद्धा न बदलता. इतकं पाठ केलेलं उत्तर खरं नसतं, हे मला कळत होतं. पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे.

शेवटी मी पडवीत जाऊन बाईला विचारलं, "वास्तुशांत नीट, सगळी केली होती का हो?"

ती चिडलीच. "अर्धवट कशाला करू? गुरुजी इंदूरहून आणले होते."

"मग वास्तुपुरुष?"

"पुरला न. आग्नेय कोपऱ्यात."

आमच्या मराठी घरांत वास्तूची छोटीशी प्रतिमा धान्याबरोबर त्या कोपऱ्यात पालथी पुरतात. कोणी परक्याच्या घरात, दर्शनाला जाऊन, हे करत नाही. विकणारा मराठी नव्हता. पूजा झाली, प्रसाद वाटला, पाहुणे गेले, एवढंच त्याने पाहिलं होतं. लोक जमिनीत काय ठेवून गेले, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दोन पंच, तो विकणारा आणि त्या नवरा-बायकोला घेऊन त्या घरी गेलो. माँ दारातच भेटली. आजारी कसली, चांगली खणखणीत बाई! चुलीपलीकडचा कोपरा उकरला. बाईने सांगितलेल्या जागी तिची चांदीची प्रतिमा निघाली. मी म्हटलं, अजून उकरा. वीतभर अलीकडे दुसरी निघाली, तांब्याची. भिंतीला लागून तिसरी. प्रत्येक गुरुजींचा अंदाज थोडा वेगळा, एवढाच फरक.

पान थुंकायलाही विकणाऱ्याला सुचलं नाही. उरलेल्या दोन्ही कुटुंबांची नावं त्याने स्वतः सांगितली. तीही मिलचीच, माँ बरी होण्याची वाट बघत इंदुरात बसलेली.

माँ त्या तीन प्रतिमांकडे बघतच राहिली. घर तिच्या नावावर होतं आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "मैंने तीनों को आसीस दी थी रे," एवढंच ती मुलाला म्हणाली.

मी प्रतिमा जप्त करायला घेतल्या, तर बाई आडवी आली. "साहेब, हा उचलला न, तर घर गेलं आमचं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. फोटो काढले, पंचनामा केला आणि कोर्टाने मागितल्यास हजर करण्याच्या अटीवर सुपुर्दनाम्याने तिन्ही तिच्याच ताब्यात दिल्या. त्याच संध्याकाळी त्या पुन्हा जमिनीत गेल्या. मुन्शी म्हणाला, अशी सुपुर्दगी जन्मात लिहिली नव्हती.

मुलाला शिक्षा झाली. त्याचं दुकान विकून दोन कुटुंबांचे पैसे परत केले. घर माँने रीतसर रजिस्ट्री करून सामानासकट रस्त्यावर आलेल्या त्या बाईच्या नावावर केलं आणि मागच्या खोलीत स्वतः शेवटपर्यंत राहिली.

पण तिसऱ्या प्रतिमेच्या घरी बातमी द्यायला मी गेलो, तेव्हा तिथल्या बाईचा नवरा घराची वाट बघता बघताच वारला होता. तुमची प्रतिमा परत आणून देतो, मी म्हणालो. तिने मान हलवली. "राहू द्या साहेब. कुठेतरी आमचं काही तर राहतंय."

घराचा वाद ठाण्यात बसून कळत नाही, हे त्या गुन्ह्याने मला शिकवलं. त्यानंतर 'मामला दिवाणी' असं लिहिण्याआधी मी ते घर जाऊन बघायचो.

निवृत्तीनंतर एका दिवाळीत त्या वाटेने जाताना गाडी वळवली. आग्नेय कोपऱ्यात तीन पणत्या मांडल्या होत्या. दोन घरच्या बाईने लावल्या. तिसरी लावायला इंदूरहून तिसऱ्या प्रतिमेची ती बाई आली होती, आता म्हातारी झालेली. दर वर्षी येते, असं कळलं, आणि भाऊबीज झाल्यावरच जाते.